उतारावर न्यूट्रल: डिझेल वाचतं की जीव टांगणीला लागतो?

आजचा प्रश्न गाडीचा आहे, पण तो घरातूनच आलाय. सॉल्ट लेक सिटीहून आपल्या एका श्रोत्या ताईंनी लिहिलंय:

"पुढच्या शनिवारी आम्ही डेन्व्हरला बिऱ्हाड हलवतोय. सव्वीस फुटी ट्रक भाड्याने घेतलाय, मागे ट्रेलरवर आमची गाडी असेल. ट्रक माझे मिस्टर चालवणार आहेत. माझे सासरे सध्या आमच्याकडे आले आहेत. त्यांनी साताऱ्याकडे पंचवीस-तीस वर्षं ट्रक चालवला. ते म्हणतात, उतार लागला की सरळ न्यूट्रल टाक, गाडी आपसूक पळते, तेल वाचतं. मिस्टरांना ते पटत नाही, पण बाबांना नाही कसं म्हणायचं? तुम्हीच सांगा, खरं काय ते."

ताई, थोडक्यात उत्तर आधी देते. न्यूट्रल टाकायचं नाही. डोंगरातल्या उतारावर तर नाहीच, आणि भरलेल्या ट्रकमध्ये मुळीच नाही. पण घरात नुसतं "रेडिओवर नाही म्हणाले" एवढं सांगून भागणार नाही. म्हणून आज आपण कारणं नीट समजून घेऊ. आणि काका, तुम्हीही ऐकत असाल तर तुम्हाला नमस्कार. तुमच्या अनुभवातला बराच भाग आज आम्हाला उपयोगी पडणार आहे.

आधी तेलाचा हिशेब

न्यूट्रलमध्ये गाडी उतरते तेव्हा इंजिन बंद नसतं, ते आयडलिंगवर चालू असतं. चालू राहायला त्याला इंधन लागतंच. मोठ्या ट्रकचं डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं, तर तासाला साधारण पाऊण गॅलनच्या थोडं वर तेल खातं. पाच मैलांचा उतार ताशी साठ मैलांनी उतरायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे न्यूट्रलमध्ये तेवढ्या वेळात साधारण पाव लिटर तेल जळतं.

आता तीच गाडी गिअरमध्ये ठेवा आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. आता चाकंच इंजिनाला फिरवतात. इंजिनाला फिरत राहायला इंधनाची गरज उरत नाही. आजच्या गाड्यांमधला कॉम्प्युटर हे ओळखतो आणि इंधन बंद करतो. म्हणजे गिअरमध्ये खर्च जवळजवळ शून्य आणि न्यूट्रलमध्ये पाव लिटर! वाचवायला गेलो आणि उलट जास्त जाळून बसलो.

मग जुन्या लोकांचा समज आला कुठून? तो अगदीच हवेतून आलेला नाही. कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये पाय काढला तरी इंजिन पेट्रोल ओढत राहायचं. दुसरं म्हणजे, उतार अगदी हलका असेल तर गिअरमध्ये गाडी मंदावते आणि पुन्हा अॅक्सिलरेटर द्यावा लागतो. तिथे न्यूट्रलमध्ये ती लांबवर घरंगळते, हे खरं आहे. काही नव्या मोठ्या ट्रकमध्ये तर हे काम कॉम्प्युटर स्वतः करतो. हलका उतार दिसला की गिअर सोडतो, आणि वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की क्षणात परत जोडतो. पण ही सपाट रस्त्याच्या सख्ख्या भावाची गोष्ट झाली. जिथे ब्रेकवर पाय ठेवावा लागतो अशा उतारावर वाचवण्यासारखं काही नसतंच. तिथे गाडीत जास्तीची शक्ती आहे आणि ती कुठेतरी जिरवायची आहे.

ही शक्ती किती असते?

तुमचा भाड्याचा सव्वीस फुटी ट्रक पूर्ण भरल्यावर जास्तीत जास्त २५,९९९ पौंडांचा असतो, म्हणजे पावणेबारा टनांच्या आसपास. हा आकडा असा चमत्कारिक का? कारण २६,००१ पौंडांपासून पुढे व्यावसायिक लायसन्स लागतं. एक-दोन पौंड खाली राहिलं की आपलं नेहमीचं कारचं लायसन्स चालतं. त्यामुळे होतं असं, की ज्यांनी आयुष्यात टोयोटा-होंडापेक्षा मोठं काही चालवलेलं नाही, अशी आपली मंडळी एका सकाळी बारा टनांच्या स्टिअरिंगवर बसतात. घाट कसा उतरायचा हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. खरा धोका तिथे आहे.

आता सहा टक्क्यांचा उतार घ्या. म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की सहा फूट खाली. असे पाच मैल उतरलं तर गाडी साधारण १,६०० फूट खाली येते. बारा टनांचं वजन एवढं खाली आणताना जी शक्ती मोकळी होते, तिच्यात नळाचं दीडशे लिटरपेक्षा जास्त पाणी उकळेल. तेही पाच मिनिटांत. थोडा वाटा वारा घेतो, थोडा टायर घेतात. उरलेली शक्ती घ्यायला दोघंच असतात: इंजिन आणि ब्रेक. न्यूट्रल टाकलं की इंजिन बाजूला झालं. आता सगळा भार चाकांमागच्या त्या चार-सहा ब्रेकवर. आणि ८०,००० पौंडांचा मोठा अठराचाकी ट्रक असेल, तर ही सगळी गणितं तिप्पट करा.

ब्रेक तापले की काय होतं?

ब्रेकचं कामच मुळी गती खाऊन उष्णता करणं. ती उष्णता हवेत जायला वेळ मिळाला तर ठीक. सतत दाबून ठेवला तर मिळत नाही. मग लायनर तापतात आणि त्यांची पकड कमी होते. ड्रमचे ब्रेक असतील तर तापून ड्रम फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि पेडल आणखी खाली दाबावं लागतं. ऑइलचे ब्रेक असतील, आणि भाड्याच्या ट्रकला बहुधा तेच असतात, तर ब्रेक ऑइल उकळू शकतं. जुन्या ऑइलने हवेतलं पाणी शोषलेलं असतं, त्यामुळे ते आणखी लवकर उकळतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पाय फळीला टेकतो, गाडी मात्र थांबत नाही.

हवेचे ब्रेक असलेल्या मोठ्या ट्रकमध्ये आणखी एक गोष्ट आहे. ब्रेक दाबला-सोडला की टाकीतली हवा खर्च होते, आणि ती भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद, म्हणून हवा भरणंही मंद. म्हणजे ब्रेकची गरज सर्वात जास्त तेव्हाच हवा सर्वात कमी.

आणि "वेग वाढला तर टाकू की परत गिअर"? तिथेच खरी मेख आहे. अठराचाकीच्या साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर पडायला इंजिनाचा आणि चाकांचा वेग जुळावा लागतो. गाडी एकदा फार पळायला लागली की इंजिन तेवढं वर जाऊच शकत नाही. मग खालचा गिअर तर नाहीच, कोणताच गिअर पडत नाही. इथल्या व्यावसायिक चालकांच्या सरकारी पुस्तकात हे स्पष्ट लिहिलंय: गिअर उतार सुरू होण्याआधी निवडा, वेग वाढल्यावर नाही.

(संगीत)

एका घाटात सुचलेला ब्रेक

श्रोतेहो, पुण्याच्या मंडळींना कमिन्स हे नाव सांगायला नको. किर्लोस्कर कमिन्स पुण्यात १९६२ साली सुरू झाली, आणि कोथरूडची कमिन्स तर कितीतरी घरांना ठाऊक. ज्यांच्या नावाची ती कंपनी, ते क्लेसी कमिन्स हे अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचे. डिझेल इंजिन ट्रकमध्येही चालतं हे लोकांना पटवायला १९३१ साली ते स्वतः ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे निघाले. कॅलिफोर्नियातला कहोन पास उतरताना त्यांचे ब्रेक हरले. ट्रक सुसाट, आणि पायथ्याशी रेल्वेचं फाटक. त्यावरून मालगाडी जात होती. गाडीचा शेवटचा डबा रुळावरून सरकला आणि त्याच्या अगदी मागून हे लोक थोडक्यात निभावले.

तो प्रसंग कमिन्स विसरले नाहीत. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची वाट बंद होते, त्यामुळे इंजिन गाडीला चांगलं आवरतं. डिझेलला तशी झडप नसते, म्हणून त्याची ओढ कमी. कमिन्सनी पुढे निवृत्तीनंतर त्यावर उपाय काढला. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, आणि दाब सर्वात जास्त असतो नेमक्या तेव्हा एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह उघडून ती हवा सोडून द्यायची. म्हणजे इंजिन हवा दाबण्यात शक्ती खर्च करतं आणि ती परत मिळत नाही. जे शक्ती द्यायचं तेच इंजिन आता शक्ती खातं. जेकब्स कंपनीने १९६१ साली तो बाजारात आणला. हाच तो "जेक ब्रेक". डोंगरात ट्रक उतरताना जो तडतड आवाज येतो, तो याचा.

काही गावांच्या वेशीवर "इंजिन ब्रेक वापरू नये" अशी पाटी असते. ती या आवाजासाठी आहे. खालच्या गिअरमध्ये उतरू नका असा तिचा अर्थ नाही. तुमच्या भाड्याच्या ट्रकने तिथेही खालच्या गिअरमध्येच उतरायचं.

आणि हे सगळं गाडी गिअरमध्ये असेल तरच. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो, मग जेक ब्रेकही मुका.

आपल्याकडचा घाट, इथला घाट

काका, तुमच्या ओळखीचा रस्ता सांगते. साताऱ्याहून पुण्याला येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एक मालवाहू ट्रक उतारावरून आला आणि त्याने अनेक गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. इंजिन बंद म्हणजे न्यूट्रलच्याही पुढची पायरी. तिथे इंजिनाची ओढही नाही, स्टिअरिंग जड आणि हवा भरणारं कोणी नाही.

आता ताई, तुमचा रस्ता. आय-७० हायवेवर आधी व्हेल पास लागेल, मग आयझेनहॉवर बोगदा. तो समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांवर आहे. डेन्व्हर ५,२८० फुटांवर. मध्ये साठेक मैल. तुलनेला सांगते, आपला खंडाळ्याचा बोरघाट दोन हजार फुटांच्या आसपासचा. म्हणजे तुम्ही जवळजवळ तीन बोरघाट एका दिवसात उतरणार आहात.

यातला सर्वात फसवा भाग शेवटी आहे. बोगद्यानंतर उतार, मग थोडा चढ, पुन्हा उतार असं होत होत जेनेसीजवळ समोर डेन्व्हरचं मैदान दिसायला लागतं. माणसाला वाटतं, आलो. तिथेच ट्रकवाल्यांसाठी पाट्या आहेत: फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं बाकी आहेत. याच उताराच्या पायथ्याशी, लेकवुडला, २५ एप्रिल २०१९ रोजी लाकूड भरलेला एक ट्रक ब्रेक निकामी होऊन थांबलेल्या वाहनांवर आदळला. चार जण गेले. वाटेत सुटलेल्या ट्रकसाठी केलेली वाट होती, ती चालकाने घेतली नव्हती. त्याचं वय तेव्हा तेवीस. त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे गव्हर्नरांनी १० वर्षांवर आणली. हा न्यूट्रलचा अपघात होता असं मी म्हणत नाही. तापलेले ब्रेक कुठवर नेतात, एवढंच त्यातून घ्यायचं.

कायद्याचंही सांगून टाकते. कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया धरून अनेक राज्यांत उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं कायद्याने मना आहे. हा नियम ट्रकपुरता नाही, कारलाही लागू आहे.

मग उतरायचं कसं?

आता कागद-पेन घ्या.

एक. माथ्यावर वेग आधी कमी करा, गिअर आधी निवडा. जुन्या चालकांचं एक वाक्य आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. काका, हे तुम्हीही कितीदा कोणाला तरी सांगितलं असेल. इथल्या सरकारी पुस्तकातही जुन्या ट्रकसाठी हाच नियम दिलाय. नव्या गाड्यांची इंजिनं जोरकस असतात, त्या वरच्या गिअरमध्येही चढतात. म्हणून उतरताना त्याहून एक खालचा गिअर धरावा.

दोन. भाड्याच्या ट्रकला ऑटोमॅटिक गिअर असतो. त्यात "टो-हॉल" नावाचं बटण असेल तर दाबा. उतारावर ते गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये आणतं. बटण नसेल तर गिअरचा दांडा खालच्या आकड्यावर आणा. इंजिनाचा आवाज चढेल. घाबरू नका, इंजिन आपलं काम करतंय. काटा लाल पट्ट्यात मात्र जाऊ देऊ नका.

तीन. ब्रेक हलका धरून ठेवायचा नाही. एक वेग ठरवा, समजा ताशी चाळीस मैल. चाळीसला पोहोचलात की ब्रेक ठामपणे दाबा, तीनेक सेकंदांत वेग पस्तीसवर आणा, आणि ब्रेक पूर्ण सोडा. पुन्हा चाळीस झाले की पुन्हा तेच. दोन दाबण्यांमध्ये ब्रेकला श्वास मिळतो. इंजिन आवरत असेल तर हे फार वेळा करावं लागणार नाही. सारखंच करावं लागत असेल, तर गिअर अजून खालचा हवा.

चार. जळकट वास आला, पेडल मऊ लागलं, किंवा चाकातून धूर दिसला, तर पुढच्या सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक गार होऊ द्या. ट्रेलरचे ब्रेकही तपासा, तेही तापतात. पाणी ओतू नका.

पाच. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. उजव्या लेनमध्ये राहा, दिवे लुकलुकते ठेवा. घाई त्यांची आहे, वजन तुमचं आहे.

सहा. चुकून न्यूट्रल पडलंच, तर चावीला हात लावायचा नाही. आधी ब्रेक जोरात दाबून वेग खाली आणा, अॅक्सिलरेटर सोडलेला ठेवा, मग "डी"मध्ये, आणि मग खालच्या गिअरमध्ये.

सात. आणि ब्रेक गेलेच तर? पेडल भराभर दाबून बघा, गिअर खाली ओढा, हँडब्रेक हळूहळू लावा. आणि सुटलेल्या ट्रकसाठीची वाट दिसली की विचार न करता तिच्यात घाला. खडीने भरलेली, बहुधा चढती अशी ती वाट गाडीला धरून ठेवते. ट्रक बाहेर ओढायला पैसे पडतील, सामान हलेल, भांडी फुटतील. फुटू द्या.

हे सगळं कोलोरॅडोपुरतं नाही. कॅलिफोर्नियातला ग्रेपव्हाइन, ओरेगनमधला कॅबेज हिल, टेनेसीतला माँटीगल, सगळीकडे हेच. आणि उन्हाळ्यात आरव्ही घेऊन यलोस्टोनला निघणाऱ्यांनीही आपलं नाव या यादीत धरावं. आरव्ही हे चाकांवरचं घर दिसत असलं, तरी उताराला त्याचं फक्त वजन कळतं.

घरातल्या वादाचं काय?

ताई, मला विचाराल तर सासऱ्यांना तेलाचा हिशेब दाखवा. पाव लिटर आणि शून्य. ज्या माणसाने तीस वर्षं डिझेलचा थेंब न् थेंब मोजलाय, त्याला आकडा लगेच पटतो. तेल वाचवायचा हट्ट त्यांनी कंजूषपणाने केलेला नव्हता. फेरीमागे वाचलेल्या त्या तेलावर कितीतरी चालकांची घरं चालली, मुलं शिकली. आजची गाडी गिअरमध्येच तेल वाचवते, म्हणजे बाबांचं म्हणणं मोडत नाही, फक्त करायची रीत बदलते.

आणि शनिवारी त्यांना ट्रकमध्ये पुढे, मुलाच्या शेजारी बसवा. इंजिनाचा आवाज आणि ब्रेकचा वास तुमच्या मिस्टरांच्या आधी त्यांना कळेल. "आता गिअर खाली घे," एवढं वेळेवर सांगणारा अनुभवी माणूस शेजारी असणं, हे या रस्त्यावर फार मोलाचं आहे.

बोगद्याच्या आधी सिल्व्हरथॉर्नला थांबून चहा घ्या, ट्रकभोवती एक फेरी मारा, आणि मगच वर चढा. तुमच्या नव्या घराला आपल्या सगळ्या श्रोत्यांकडून शुभेच्छा.

तुमचेही प्रश्न असेच पाठवत राहा. पुढच्या आठवड्यात भेटू. तोपर्यंत गाडी गिअरमध्ये ठेवा. नमस्कार!